विकाराचा उगम आणि साधकाची सावधानता

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परभिन्न आहेत, हे ब्रह्मविद्येचे मूळ प्रतिपादन प्रत्येक उपदेशी वासनिकास ठाऊक असते. जीव अविद्येने बद्ध आहे, हेही त्यास पाठ असते. परंतु पाठ असणे निराळे, आणि शेजाऱ्याच्या एका शब्दाने आपले मन कसे पेटले हे त्या क्षणीच ओळखणे निराळे. पहिले ज्ञान पोथीत राहते. दुसरे आचारात उतरते.

भिक्षेचेच उदाहरण घ्यावे. पहिल्या घरी ताजी भाकरी झोळीत पडते, मन सुखावते. दुसऱ्या दारी ‘पुढे जा’ असा शब्द ऐकू येतो. मन खट्टू होते. भिक्षुक तिसऱ्या दारी उभा राहतो तो दुसऱ्या दारचा रोष बरोबर घेऊनच. त्या घरच्या माउलीचा त्यात काय अपराध? वासनिकाच्या घरीही हेच घडते. कापसाला मनाजोगा भाव मिळाला नाही, तो राग रात्री ताटावर निघतो. सासूचा शब्द सुनेला लागतो आणि धपाटा लेकराला बसतो. विकार एके ठिकाणी उपजतो आणि भलत्याच जीवाला पोळतो. वाटेत त्याला कोणी ओळखले नाही, एवढेच त्याचे बळ.

यास्तव साधकाने तीन लहान सवयी लावून घ्याव्यात. पहाटे उठताच, स्मरणास बसण्यापूर्वी, आज मन कसे आहे ते पाहावे. भय आहे, आळस आहे की प्रसन्नता आहे, त्याला नेमके नाव द्यावे. दिवसा राग उसळला की उत्तर देण्याआधी एकदा परमेश्वराचे नाम घ्यावे. तेवढ्या अवकाशात शब्द जिभेवरच थांबतो. रात्री निजण्यापूर्वी दिवसाचा वृत्तांत पुन्हा पाहावा : विकार कोठे उठला, आपण काय केले, कोणाचे मन दुखावले? दुखावले असेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे नम्र व्हावे.

हा वृत्तांत कसा पाहावा, याचा आदर्श म्हाइंभटांनी घालून दिला आहे. विद्वत्तेचा अभिमान घेऊन सर्वज्ञांकडे आलेले म्हाइंभट पुढे लीळांच्या शोधात, ज्याला जी लीळा ठाऊक त्याच्याकडे स्वतः गेले. एकाच प्रसंगाचे दोघांचे स्मरण भिन्न निघाले, तेव्हा त्यांनी सोयीचे तेवढेच राखले नाही. दुसरा पाठही नोंदविला. साधकानेही दिवसाकडे असेच पाहावे. भांडणाचा आपला एक पाठ असतो, समोरच्याचा दुसरा. दोन्ही पाठ समोर ठेवल्यावाचून निवाडा करू नये.

येथे एक सावधानता हवी. दोष दिसला की काही जण स्वतःची निंदा करीत बसतात आणि त्यालाच अनुताप समजतात. अनुताप मनुष्याला चुकीच्या निराकरणाकडे नेतो; आत्मनिंदा त्याला त्याच जागी बसवून ठेवते. ज्या रात्री दोष दिसला ती रात्र वाया गेली नाही, असे समजून निजावे.

तसेच, प्रत्येक उदासीनता हा साधनेतील दोष नव्हे. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर तो रोग असू शकतो. ज्वर आल्यावर वैद्याकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी येथेही नसावी. आश्रमातील थोरांनी व घरातील वडीलधाऱ्यांनी अशा व्यक्तीस ‘स्मरण कमी पडते’ असे टोचून बोलू नये. तिला एकटे न सोडता मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यावे.

एवढे केल्याने मोक्ष हाती येतो काय? नाही. मोक्षदाता एक परमेश्वरच. मनाची पाहणी म्हणजे अंगण झाडण्यासारखी आहे. अंगण झाडल्याने पाहुणा येतोच असे नाही. परंतु ज्याला त्याच्या येण्याची आस आहे, तो अंगण झाडल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या दारचा रोष तिसऱ्या दारी न नेता जो ‘दंडवत’ म्हणू शकला, त्याचा तो दिवस सार्थकी लागला.