मोशेने दिलेला हिशेब



शेमोथच्या ३८व्या अध्यायात, पेकुदे पारशाच्या आरंभी, मिश्कानचा हिशेब येतो. सोने २९ किक्कार ७३० शेकेल. नोंद ठेवण्याचे काम आहरोनपुत्र इथामारच्या देखरेखीखाली झाले. मिद्राश सांगतो, लोक मोशेच्या पाठीमागे कुजबुजत होते की, एवढे सोने ज्याच्या हातून गेले तो श्रीमंत कसा होणार नाही! ते कानी पडताच मोशेने पैन्‌पैचा हिशेब मांडला.

मोशे रब्बेनूंनी हिशेब द्यावा, आणि आपण मात्र घर बांधणाऱ्याकडे कागद मागायला लाजावे! त्यातून तो ‘आपला माणूस’ असला, सिनेगॉगमध्ये शेजारी बसणारा असला, तर आपल्या तोंडून शब्दच फुटत नाही. भीड भिकेची बहीण, असे आपले वडीलधारे उगाच म्हणत नसत.

इथे अमेरिकेत ही भीड फार महाग पडते. कंत्राटदाराला आपण सारे पैसे दिले, पण त्याने लाकूडवाल्याचे किंवा प्लंबरचे चुकते केले नाहीत, तर पुष्कळ राज्यांत ते आपल्याच घरावर, सातबाऱ्यावर चढावा तसा, बोजा चढवू शकतात. त्याला मेकॅनिक्स लीन म्हणतात. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर या सर्वांची हक्क सोडल्याची सही, म्हणजे लीन वेव्हर, घ्यावी. परवान्याचा नंबर सरकारी दप्तरात पडताळावा. विम्याचा दाखला विमा कंपनीकडूनच मागवावा. कॅलिफोर्नियात घरदुरुस्तीच्या कामाला सर्वसाधारणपणे १,००० डॉलर किंवा कंत्राटाचा दहावा हिस्सा, यांत जे कमी त्याहून जास्त आगाऊ घेता येत नाही. अर्धी रक्कम आधीच मागणारा कितीही गोड बोलो, त्याला दारातूनच शालोम करावा.

यिर्मयाहूने अनाथोथचे शेत घेतले ते चुलतभावाकडून. तरीही १७ शेकेल चांदी साक्षीदारांदेखत तोलून दिली, आणि खरेदीखताची मोहोरबंद व उघडी अशा दोन्ही प्रती मातीच्या भांड्यात ठेवविल्या. भावाला त्याचा राग आल्याचे कुठे लिहिलेले नाही. तालमूद तर साक्षीदारावाचून कर्ज देणाऱ्यालाच दोष देतो. घेणाऱ्याला नाकबूल होण्याचा मोह पाडून तो आंधळ्यापुढे धोंडा ठेवतो. कागद कंत्राटदारालाही सांभाळतो.

काम करारासारखे झाल्यावर मात्र पैसे अडवू नयेत. मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेण्यास तोराची मनाई आहे. शेवटचा हप्ता सरकारी इन्स्पेक्टरची अंतिम तपासणी होईपर्यंत राखायचा, तर तसे करारातच आधी लिहावे.

आणि जिन्याचा, गच्चीचा कठडा स्वतः हलवून पाहावा. देबारीमच्या २२व्या अध्यायात कठड्याची आज्ञा गवंड्याला नाही, घर बांधविणाऱ्याला आहे.