राजवाड्याच्या पलीकडचं जव्हार

राजधानी पाहायची म्हटलं की पालघर-बोईसरची माणसं दिल्लीची तिकिटं काढतात. मनोर-विक्रमगडमार्गे घाट चढून गेलं की आपल्याच जिल्ह्यात एक राजधानी आहे, पण तिची आठवण होते ती पावसाळी सहलीपुरती. धबधबा, सनसेट पॉइंट, जयविलास राजवाड्यासमोर फोटो, की झालं जव्हार.

मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान चौदाव्या शतकापासून 1948 च्या विलीनीकरणापर्यंत टिकलं. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, तो शिरपामाळ अजून दाखवतात. राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासी. याचा आपण जेवढा अभिमान मिरवायला हवा तेवढा मिरवत नाही. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालयासाठी जव्हारचंही नाव होतं. मिळालं ते रेल्वेच्या गावाला, पालघरला. मोखाड्याच्या माणसाला आता जिल्ह्याच्या कामासाठी घाट उतरून यावं लागतं.

कागद अडला म्हणून जायचं ते मुख्यालय. राजधानी, माझ्या मते, वेगळी. तिथे माणूस न बोलावता जातो. जगदंबेच्या उत्सवात बोहाडा, म्हणजे मुखवटे घातलेल्या सोंगांची मिरवणूक, निघतो, तेव्हा जव्हारची ती ओळख अजून शाबूत दिसते. संबळ-सनईच्या ठेक्यावर एकेक सोंग पुढे येतं. भल्यामोठ्या मुखवट्याचं ओझं पेलत, पावलं तोलत सोंग घेणारा नाचतो. सोंगाचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. देवाचं सोंग रात्रभर नाचवणारा सकाळी पुन्हा आपल्या कामाला. दरबार गेला, पण हा मान खालसा करणं कुणाला जमलं नाही.

तरीही या वैभवाचे गोडवे बेतानेच गावेत. याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत 1992 साली कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हा कुठे मुंबईला जव्हारचा पत्ता लागला. राजधानी असल्याने आजूबाजूच्या पाड्यांची पोटं भरतात असं नाही, संस्थानातही नाही आणि लोकशाहीतही नाही.

खाण्याचंही तसंच, खरं जव्हार पर्यटकाच्या ताटात येत नाही. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, पहिल्या पावसानंतरची शेवळांची रानभाजी हे इथलं खरं जेवण. शेवळं खाजरी, सोबत काकडाची फळं घालायची असतात, नाहीतर घसा धरतो. निवडणं किचकट, म्हणून हॉटेलवाले त्या वाटेला जात नाहीत. त्यासाठी जव्हार गाठायलाच हवं असंही नाही. जूनमध्ये डोंगरातल्या बाया शेवळांच्या जुड्या घेऊन खालच्या बाजारांत उतरतात. जुडीचा भाव पाडून मागणारं गिऱ्हाईक बहुतेक तेच, जे जव्हारला गेल्यावर पनीर मागवतं.