दया कुणाच्या दाण्यांवर?

पाखरांना दाणे घालणे ही दया, असे आम्ही सहज म्हणतो. पण दाणे कुणाचे? स्कॉटलंडमधील जमीनदार दगडी कबुतरखाने बांधीत. पाखरे कुळांच्या शेतांत चरत, मांस मात्र धन्याच्या ताटात जाई. १६१७ च्या कायद्याने दोन मैलांच्या आत पुरेसे पीक देणारी स्वतःची जमीन असलेल्यालाच कबुतरखाना बांधण्याची मुभा ठेवली. नांदेड-लातूरकडे ज्वारीच्या रानात माळ्यावर गोफण घेऊन उभ्या शेतकऱ्याला हा न्याय सहज पटेल. २०२५ साली दादरच्या कबुतरखान्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयात गाजला. तिथेही प्रश्न हाच: पुण्य एकाला, फुफ्फुसांचा विकार शेजाऱ्याला? यात दोष पाखरांचा नाही. आमच्या मते दया पदरमोड करूनच करावी. शेजाऱ्याच्या खर्चाने केलेली दया म्हणजे दुसऱ्याचे नाणे दानपेटीत टाकणे.