बंदराची भयस्मृती

कायद्याचे पुस्तक रसास्वादासाठी कोणी उघडत नाही, हे मान्य करूनही 1908 सालच्या भारतीय बंदरे अधिनियमाकडे मी अधूनमधून वळतो, आणि तेही एखाद्या विस्मृत गद्यकाव्याकडे वळावे तशा ओढीने. ठरवून दिलेल्या जागेखेरीज जहाजाचा तळ धगीवर धरू नये; जहाजावर राळ वा डांबर उकळू नये; पिंपातून मद्य काढताना उघडी ज्योत जवळ नेऊ नये; सूर्यास्तानंतर दोरखंड पाण्यात आडवे सोडून ठेवू नयेत; बंदरात बंदूक झाडू नये, झाडलीच तर संकटाची खूण म्हणून, तीही नुसत्या दारूची; बुडालेले नांगर आणि साखळदंड परवानगीवाचून तळाशी गळ फिरवून शोधू नयेत. नकारांची ही सरळसोट माळ वाचता वाचता प्रत्येक नकारामागे एक माणूस उभा राहू लागतो. मेणबत्ती हातात घेऊन पिंपाशी वाकलेला तो कोण खलाशी असेल, ज्याच्यामुळे ते कलम लिहावे लागले? त्याचे नाव कायद्याला ठाऊक नाही. त्याची चूक मात्र कायद्याने अमर केली आहे. माणसाच्या शहाणपणाचा बराचसा भाग असाच निनावी अपघातांच्या राखेतून वेचलेला असतो, आणि वेचणारा सहसा तो राखेचा वास पुसून मगच आपल्या हाती देतो.

इंग्रजांनी हे नियम केले ते अर्थातच व्यापाराच्या रक्षणासाठी. कापूस वेळेवर लँकेशायरला पोचावा, गोदीचा महसूल बुडू नये, हा हिशेब प्रत्येक ओळीखाली वाहतो. 1873 मध्ये मुंबईचा पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि त्यामागोमाग व्हिक्टोरिया डॉक बांधून झाला, आणि कोळ्यांच्या होड्या ज्या किनाऱ्याला स्वेच्छेने लागत तिथे दगडी भिंती, फाटके आणि परवाने आले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला नावध्यक्ष, म्हणजे नौकांवरचा अधिकारी, हाही कर घेतो, नियम मोडणाऱ्याला दंड करतो. परंतु वादळाने झोडपलेली नौका बंदरात आली तर तिच्यावर पित्याप्रमाणे अनुग्रह करावा, आणि तिचा माल भिजला असेल तर शुल्क माफ करावे वा निम्मे घ्यावे, असेही त्याला बजावलेले आहे. 1908च्या अधिनियमात पित्याची अशी भाषा मला कुठे भेटली नाही. कौटिल्याचा नावध्यक्ष प्रत्यक्षात किती वत्सल होता हे कोणी सांगावे. पण वात्सल्याची अपेक्षा लिहून ठेवण्याइतकी त्या ग्रंथकाराला माणसाची ओळख होती.

या अधिनियमातले मला सर्वांत गूढ वाटणारे पात्र म्हणजे आरकाटी, आजच्या भाषेत पायलट. ज्या बंदरांना त्याच्याविषयीचे कलम लागू केले होते, तिथे दोनशे टनांचे वा त्याहून मोठे जहाज त्याच्यावाचून आत येऊ शकत नसे, बाहेर जाऊ शकत नसे, जागचे हलूही शकत नसे. महिनोन्‌महिने अथांग सागरावर ज्याचा शब्द शेवटचा, तो कप्तान किनारा दृष्टीस पडताच दोरशिडीवरून चढून आलेल्या एका परक्या माणसाच्या स्वाधीन आपली नौका करतो. आणि तरीही नुकसान झाले तर उत्तरदायित्व जहाजाच्या मालकाचे आणि कप्तानाचेच, आरकाट्याची सक्ती होती ही सबब चालणार नाही, असे कायदा स्वच्छ सांगतो. दुसऱ्याच्या ज्ञानावर विसंबायचे आणि परिणाम आपल्या शिरावर घ्यायचे, ही स्थिती काही केवळ कप्तानाची नाही; वैद्याच्या हाती नाडी देऊन बसलेला प्रत्येक रुग्ण ती जाणतो.

आरकाट्याचे ज्ञान तरी कसे? मुंबईच्या मुखाशी प्रॉंग्जचा खडक आहे, पलीकडे खांदेरीचा दिवा आहे. उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत पाण्याच्या पातळीत पाच मीटरांच्या आसपास अंतर पडते, भांगाच्या दिवसांत ते आक्रसते, आणि जुन्या गोद्यांची फाटके तर भरतीच्या सुमारासच उघडत. हे सारे नकाशात आणि कोष्टकात असते. पण जुने नाविक खोली मोजण्याच्या शिशाच्या बुडाला चरबी फासत, आणि वर ओढल्यावर तिला चिकटून आलेली वाळू, चिखल वा शंखांचा चुरा बोटांनी चोळून आपण कुठे आहोत हे ओळखत. स्पर्शात साठलेले हे भूगोलज्ञान कोणत्या कलमात बसवणार? ‘पेरिप्लस’ या प्राचीन सागरी मार्गदर्शिकेचा अज्ञात ग्रीक लेखक भरुकच्छाच्या, म्हणजे आजच्या भरूचच्या, खाडीमुखाशी परदेशी जहाजांना वाट दाखवायला सामोरे जाणाऱ्या राजाच्या सेवेतील स्थानिक मच्छिमारांविषयी लिहितो. आणि त्याच भरुकच्छाचा, पण आपल्या सोपाऱ्याशी नावाचे नाते सांगणारा, सुप्पारक जातकातला आरकाटी तर खाऱ्या पाण्याने दृष्टी गमावलेला आहे! व्यापारी त्या अंधालाच आग्रहाने सुकाणूशी बसवतात, आणि एकामागून एक अपरिचित समुद्र लागतात तेव्हा डोळस प्रवासी विचारत राहतात, तो अंध सांगत राहतो. बोधिसत्त्वाच्या अनेक जन्मांपैकी एक जन्म आरकाट्याचा असावा, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

मात्र आरकाट्याची विद्या जहाजाच्या कवचापाशी संपते. खडक कुठे आहे हे त्याला कळते. खणात काय आहे हे कळण्यासाठी माणसाने माणसाला सांगावे लागते, आणि म्हणून स्फोटक माल वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा चढवायचा, गोदीपासून दूर नांगर टाकायचा आणि माल पडावांत उतरवायचा, ही शांततेच्या काळातली रीत. दुसऱ्या महायुद्धात ती गैरसोयीची ठरली. 1944च्या फेब्रुवारीत बर्कनहेडहून निघालेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज सुमारे चौदाशे टन स्फोटके आणि सोन्याच्या 124 लगडी घेऊन कराचीला आले. तिथे त्यात कापसाच्या हजारो गासड्या भरल्या गेल्या, त्यांतल्या काही तर दारूगोळ्याच्या अगदी लगत. 12 एप्रिलला ते थेट व्हिक्टोरिया डॉकमध्ये, वस्तीच्या कुशीत येऊन उभे राहिले. लाल बावटा नव्हता. आरकाट्याने आपले काम निर्दोष केले होते. चिंचोळ्या फाटकातून सुखरूप आत आलेले ते जहाज हीच त्याच्या कौशल्याची साक्ष.

14 एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास कापसातून धूर दिसला. पहिला स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. ‘जलपद्म’ हे जवळचे मोठे जहाज उचलले जाऊन त्याचा मागचा भाग धक्क्यावर चढला. दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर मुंबईचा थरकाप उमटला. मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. या घटनेची गोष्ट निघाली की ऐकणारा आधी आकाशातून पडलेल्या सोन्याबद्दल विचारतो, असा माझा अनुभव आहे. माझे मन मात्र त्या मधल्या दोन तासांत अडकून पडते. धक्क्यावर अधिकाऱ्यांची उणीव नव्हती. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचे जाणकार होते, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. जहाज बुडवावे की ओढून बाहेर न्यावे की जागेवरच पाणी मारत राहावे, याविषयी प्रत्येकाला मत होते. एकमुखी आज्ञा कोणाच्याच तोंडून आली नाही. आग विझवण्यात हेतुपुरस्सर कुचराई करणाऱ्या कप्तानाला सहा महिन्यांपर्यंत कैद वा हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, असे कलम अधिनियमात होते. पण त्या दुपारी हेतुपुरस्सर कुचराई कोणीच केली नाही, आणि कप्तान तर स्वतःच त्या स्फोटात नाहीसा झाला. स्फोटके आणि कापूस एकत्र भरू देणारी सही, जहाज गोदीत घेण्याची संमती, बावट्याची सूट, हे सारे निर्णय त्याआधी वेगवेगळ्या टेबलांवर, शांत चित्ताने, घाईचे योग्य कारण नोंदवून झालेले होते.

मला वाटते, त्या वसाहतकालीन संहितेतली खरी पोकळी इथेच आहे: उघडी ज्योत नेणाऱ्या खलाशाला तिने नेमके ओळखले, नियम शिथिल करणारा हात तिला दिसलाच नाही. आणि ही पोकळी केवळ इंग्रजांच्या खात्यावर मांडून आपल्याला मोकळे होता येत नाही. 1908चा तो अधिनियम स्वतंत्र भारताने 2025 सालापर्यंत चालवला.

त्या दुपारी पाण्याच्या नळ्या धरून जहाजाला भिडलेल्या अग्निशमन दलाच्या 66 जणांचा मृत्यू झाला. त्यांच्यासाठी 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.