पाचशे मीटर कुठून मोजायचे?

नागपूर आणि पुणे, दोन्हीकडची महामेट्रो एकच. मेट्रोलगतच्या जमिनीवर कमाल 4 एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देण्याचे धोरणही सारखेच. फरक आहे तो मोजण्यात. नागपूरच्या नियमाने मार्गिकेच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना 500 मीटरचा पट्टा आखला. पुण्याच्या नियमाने, 2019 मध्ये, स्थानक केंद्र धरून 500 मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले.

पुण्याची पद्धत अधिक रास्त आहे. मेट्रोचा खांब घरासमोर असून भागत नाही. गाडी पकडायला स्थानकच गाठावे लागते. दोन स्थानकांत एक किलोमीटर अंतर धरले, तर पट्ट्यात प्रत्येक स्थानकामागे एक चौरस किलोमीटर जमीन येते. वर्तुळात त्याहून सुमारे पाचवा हिस्सा कमी. वगळले जातात ते स्थानकापासून सर्वांत लांबचे कोपरे, काही तर 700 मीटरवरचे.

पण वर्तुळही नकाशावरच गोल असते. डेक्कन जिमखाना स्थानक मुठेच्या काठावर आहे. त्याचे वर्तुळ नदी ओलांडून सहज नारायण पेठेत शिरते. माणसाला मात्र पूल लागतो. म्हणून तर पेठेकडे जाणारा पादचारी पूल बांधण्याचे काम मेट्रोला हाती घ्यावे लागले. अंतर हवाई न मोजता चालण्याच्या वाटेने मोजले असते, तर अशा पुलाची गरज नियमातच दिसली असती.

खरी मेख रस्त्याच्या रुंदीत आहे. वर्तुळात जमीन आहे म्हणून 4 एफएसआय मिळत नाही. रस्ता जितका रुंद आणि भूखंड जितका मोठा, तितका एफएसआय वाढतो आणि जादा बांधकामासाठी अधिमूल्य भरावे लागते. सप्टेंबर 2024 मध्ये कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानके सुरू झाली. मंडईच्या आसपास जुने वाडे आहेत, पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू आहेत आणि रिक्षा वळवतानाही कसरत व्हावी अशा बोळी आहेत. मेट्रो दाराशी आली, तरी वाडामालकाला एकट्याने नियमातल्या एफएसआयच्या वरच्या आकड्यापर्यंत पोचणे जवळपास अशक्य. शेजारच्यांशी एकत्रीकरण करा किंवा वाट पाहा! अग्निशमन बंब आत यायला हवा, जलवाहिन्या पुरायला हव्यात, हे खरेच. रुंदीची अट निरर्थक नाही. पण परिणामी सर्वाधिक फायदा होतो तो रुंद रस्त्यावरच्या मोठ्या भूखंडांचा, आणि तिथे घर घेणाऱ्याकडे बहुधा मोटार असतेच.

मोटारीचा प्रश्न कॅलिफोर्नियाने थेट हाताळला. 2023 पासून तिथे प्रमुख सार्वजनिक वाहतूक थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत किमान पार्किंगची सक्ती बहुतेक बांधकामांवर करता येत नाही. आपल्याकडे मेट्रोशेजारच्या इमारतींतही खालचे मजलेच्या मजले मोटारींना दिले जातात आणि त्यांचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो. मोटार नसलेले कुटुंबही तो भरते.

दुसरा प्रश्न पैशांच्या वापराचा. जादा एफएसआयचे अधिमूल्य ज्या वर्तुळातून गोळा होते, त्यातला ठरावीक वाटा त्याच वर्तुळातले पदपथ, सांडपाणी आणि पादचारी पुलांवर खर्च करण्याचे बंधन हवे. जिथे माणसे वाढणार, तिथल्या सोयी आधी वाढायला हव्यात.

विकास नियंत्रण नियमात फेरबदल करताना नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली नागरिकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत एक महिन्याची असते. आपल्या स्थानकाभोवतीच्या फेरबदलाची जाहीर सूचना निघाली, की घरापासून फलाटापर्यंत एकदा चालून पाहावे आणि वाटेत जे आडवे आले ते त्या मुदतीत लेखी कळवावे.