भट्टीनंतरचे वेल्डिंग

स्टीलचे कास्टिंग हीट ट्रीटमेंट होऊन भट्टीबाहेर आले, मशीनवर चढले आणि टूलखाली एक ब्लोहोल उघडा पडला. डिस्पॅच उद्यावर आलेले. मग ग्राइंडरने भोक खणायचे, इलेक्ट्रोडने भरायचे, घासून सपाट करायचे आणि वर रंग मारायचा. तासाभराचे काम. टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर खरा असतो, भट्टीचा चार्टही खरा असतो. पण भट्टी पेटली तेव्हा हे वेल्ड जन्मालाच आलेले नव्हते.

वेल्डने भोक भरणे हा गुन्हा नाही. ओतकाम म्हटले की दोष निघणारच, आणि मानकांनीही दुरुस्तीला वाट ठेवलेली आहे. मोठी दुरुस्ती नोंदवायची आणि गरज असेल तिथे पुन्हा हीट ट्रीटमेंट करायची, एवढेच मागणे असते. कारण वेल्डच्या कडेची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी क्षणात प्रचंड तापते आणि भोवतालचे थंड स्टील ती उष्णता तितक्याच झपाट्याने ओढून घेते. पट्टी कडक, ठिसूळ होते. आकसू पाहणारे वेल्ड आतल्या आत ताण धरून बसते. साधे कार्बन स्टील ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास, दर २५ मिलिमीटर जाडीला सुमारे तासभर धरले, की हा ताण बराचसा उतरतो.

लपवलेले वेल्ड सापडते. संशयाची जागा बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करायची आणि अल्कोहोलमध्ये थोडे नायट्रिक ॲसिड घालून केलेले नायटल कापसाच्या बोळ्याने तिच्यावरून फिरवायचे. थोड्याच वेळात राखाडी धातूवर वेल्डचा आकार उमटतो, भोवती त्याची गडद कड. मात्र इथे घाई नको. ताण उतरवण्याच्या तापमानाला ही कड पुसली जात नाही, त्यामुळे वेल्ड भट्टीआधीचे की नंतरचे हे नुसत्या डागावरून ठरत नाही. त्यासाठी कडकपणा मोजावा लागतो, आणि तोही नेमका त्या अरुंद पट्टीवर. कडकपणा मोजायच्या मोठ्या गोळीचा ठसा शेजारच्या मऊ धातूलाही सोबत घेतो, सरासरी आकडा दाखवतो आणि खोट निसटते. मग दुरुस्तीच्या नोंदीतली तारीख भट्टीच्या चार्टवरच्या तारखेशी ताडून पाहायची. नोंदच नसेल, तर प्रश्न तिथूनच सुरू होतात.

हे एवढे का जपायचे? अमेरिकेत इलिनॉयमधल्या रोमिओव्हिलच्या रिफायनरीत एका मनोऱ्याचे खराब झालेले कडे १९७४ साली बदलून जागेवरच वेल्ड केले होते. वेल्डनंतरची हीट ट्रीटमेंट झाली नव्हती. वेल्डलगतच्या कडक पट्टीत हायड्रोजनमुळे भेगा पडल्या, वाढत गेल्या आणि २३ जुलै १९८४ रोजी मनोरा फुटला. १७ माणसे गेली. त्यांत आग विझवायला धावलेले जवानही होते.

ती दुरुस्ती कुणी लपवली नव्हती. सगळ्यांना ठाऊक असलेल्या वेल्डने हे केले. मग ज्याची नोंदच नाही, त्यावर पुढच्या तपासणीत कोण नजर ठेवणार? अशा कास्टिंगचा व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या ऑपरेटरला तर आपल्या हाताखाली काय आहे याची कल्पनाही नसते. हा धोका त्याच्यावर लादण्याचा अधिकार कुणालाच नाही. आणि दोष एकट्या वेल्डरच्या माथी मारणे मला पटत नाही. डिस्पॅचची तारीख त्याने दिलेली नसते. ती देणाऱ्यांनी या दुरुस्तीची जबाबदारी आधी घ्यावी.

तुमच्या शॉपमध्ये, तुमच्या पाळीत भट्टीनंतर असे वेल्ड झाले असेल, तर त्याची जागा, खोली आणि तारीख आजच नोंदवहीत चढवा, गिऱ्हाइकाला कळवा, आणि लागत असेल तर कास्टिंग पुन्हा भट्टीत घाला. गाडी दोन दिवस उशिरा सुटली तरी चालेल.