किल्ल्यांच्या जुडग्यांतला दिवा
(वाचन: स्तोत्र ११९, वचन १०५, मत्तय, अध्याय ४ व २५)



स्तोत्रकर्त्यानें देवाच्या वचनाला दिव्याची उपमा दिली, ती आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु तो दिवा कोणता, याचा विचार आपण क्वचितच करतों. देवाच्या मंदिरांत सोन्याचे मोठे दीपवृक्ष होते; त्यांची उपमा कवीनें घेतली नाहीं. त्यानें पावलांचें नांव घेतलें. पालेस्टाईन देशांतल्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननांत मातीचे दिवे विपुल सांपडले आहेत. ते तळहातावर मावतील एवढे. एका बाजूस चोंच, तींत वात, पोटांत थोडेंसें जैतुनाचें तेल. असा दिवा हातीं घेऊन निघालेल्या माणसाला समोरचा डोंगर दिसत नाहीं, गांवाची वेसही दिसत नाहीं. पुढचें पाऊल जेथें पडावयाचें तेवढी जागा मात्र दिसते. तेवढ्यावर तो घरीं पोंहोंचतो.

तशाच बेताचा एक दिवा हल्लीं आठवड्याच्या बाजारांत किल्ल्यांच्या कडीला लटकविलेला मिळतो. शहरांत त्याला टॉर्च म्हणतात, आपण बॅटरी म्हणतों. अंगठ्याएवढी वस्तु, पण तिच्या मागें मोठे श्रम आहेत. जुन्या विजेरींत तापून उजळणारी बारीक तार असे, ती धक्क्यानें तुटे. हिच्यांत तार नाहीं. निळा प्रकाश देणारा एक कण, त्यावर पिवळ्या भुकटीचा लेप, आणि दोहोंचा मिळून पांढरा उजेड होतो. तो निळा कण साध्य करण्यांत अकासाकी, अमानो व नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांचीं कित्येक वर्षें गेलीं, व २०१४ सालीं त्यांस पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. पोटांत बटणासारखा चपटा सेल असतो. पुष्कळदां त्यावर २०३२ हा आंकडा असतो. त्याचा अर्थ, रुंदी २० मिलिमीटर व जाडी ३.२ मिलिमीटर, एवढाच.

उपदेशाच्या पानांत या खेळण्याची कथा कशाला, असें कोणी म्हणेल. खेळणें असतें तर ती सांगितली नसती. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें, २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें मेलीं. म्हणजे वर्षास सरासरी ५८,०००. त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं, आणि जवळजवळ निम्मीं पावसाळ्याच्या चार महिन्यांत. हे आंकडे कोणा परक्यांचे नव्हत. नाग, मण्यार, घोणस, फुरसें हीं चार नांवें आपल्या मुलांसही पाठ आहेत. मण्यार रात्रीं हिंडते; जमिनीवर निजलेल्याला तिचा दंश कित्येकदां कळतही नाहीं. घोणस पालापाचोळ्यांत वेटोळें घालून पडली तर पाचोळ्याहून निराळी दिसत नाहीं. शेतीच्या पंपाला वीज रात्रीं येई म्हणून आपले कित्येक बंधु वर्षानुवर्षें मध्यरात्रीं उठून बांधाबांधानें मळ्यांत गेले आहेत. त्यांच्या घरच्या माणसांस त्या रात्रीं झोंप कशी लागली असेल, हें त्यांनाच विचारावें.

आतां भाविकांचें एक बोलणें नेहमीं ऐकूं येतें: आपला राखणारा देव आहे, बत्ती कशाला? हें बोलणें विश्वासाचें दिसतें, म्हणून त्याला उत्तर देणें कठीण जातें. परंतु उत्तर शास्त्रांतच आहे. एक्याण्णवाव्या स्तोत्रांत देवदूतांकडून होणाऱ्या रक्षणाचें अभिवचन आहे, आणि त्याच्या लगेच पुढें सिंह व नाग यांस तुडविण्याचेंही. हें स्तोत्र सैतानाला पाठ होतें. मंदिराच्या शिखरावर प्रभूला उभें करून त्यानें देवदूतांचें तें अभिवचन ऐकविलें व उडी टाकावयास सांगितलें. नागाच्या वचनापर्यंत मात्र तो गेला नाहीं. तेथें त्याचें स्वतःचेंच नांव निघालें असतें! प्रभूनें उडी टाकली नाहीं. अभिवचन खोटें होतें म्हणून नव्हे; तर पायांनीं उतरतां येत असतां उडी टाकणें म्हणजे देवाची परीक्षा पाहणें होय. खिशांत दिवा ठेवतां येत असतां अंधारांत गवतावर पाय टाकणें हें निराळें काय आहे?

दुसरे कोणी म्हणतात, आमच्या घरीं बॅटरी आहे, चांगली मोठी आहे. असेल. पण ती कोठें आहे? फळीवर डब्याच्या मागें. आणि मोबाइलालाही दिवा असतो, हें खरें. परंतु वीज गेलेल्या रात्रीं तो अर्धमेला असतो, अगर भिंतीपाशीं तारेला बांधलेला असतो, अगर पाऊस आहे म्हणून आपण तो घरींच ठेवून निघतों. घरांतल्या दिव्यानें वाट दिसत नाहीं. या इवल्या दिव्याचा गुण त्याच्या उजेडांत नाहीं. उजेड तर तीन-चार पावलांपुरता. त्याचा गुण हा कीं तो किल्लीला बांधलेला आहे. पंपाच्या खोलीची किल्ली विसरून कोणी मळ्यांत जात नाहीं, कारण किल्लीवांचून कुलूप निघत नाहीं. जें विसरतें तें न विसरणाऱ्या वस्तूला बांधावें, हें शहाणपण आपल्या बायकांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे; त्या पदराला गांठ मारतात. वचनाचेंही तसेंच. कपाटांतलें जाड बायबल ही फळीवरची मोठी बॅटरी होय. रोज सकाळीं चूल पेटवितांना अगर बैल सोडतांना एक वचन तोंडानें म्हणण्याची संवय ज्याला आहे, त्याच्या किल्लीला दिवा बांधलेला आहे. संकटाच्या रात्रीं त्याला शोधाशोध करावी लागत नाहीं.

दहा कुमारींच्या दृष्टांतांत दिवे दहाही जणींपाशीं होते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. उणें होतें तें तेल. हा लहान सेलही एकाएकीं मरत नाहीं. तो हळूहळू मंद होत जातो, आणि रोज पाहणाऱ्याला तें कळत नाहीं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारीं दिवा नव्या सेलाच्या दिव्याशेजारीं लावून पाहावा. खिशांत आपोआप कळ दाबली जाते असा दिवा घेऊं नये. आणि आईबापांनो, एक गोष्ट कळकळीनें सांगतों: जुना काढलेला सेल खिडकींत ठेवूं नका. मुलानें तो गिळला व तो घशाखालीं अडकला तर दोन तासांतही अन्ननलिका आंतून भाजून निघते. असा संशय आला तर वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. झांकणाला स्क्रू असलेलाच दिवा घ्यावा, मग चार रुपये अधिक पडोत.

दिवा साप मारीत नाहीं, पळवीतही नाहीं, तो दाखवितो. दिसल्यावर थांबणें व मागें सरणें हें आपलें काम. इतकें करूनही दंश झालाच, तर भगताकडे जाऊं नये. जखम कापूं नये, चोखूं नये, घट्ट दोरी बांधूं नये. दंश झालेला हात अगर पाय हलवूं न देतां, जेथें सर्पविषावरचें इंजेक्शन मिळतें अशा सरकारी दवाखान्यांत रोग्यास तत्काळ न्यावें. प्रार्थना गाडींत बसल्यावर करतां येते.

दिवा धरण्याचीही एक रीत आहे. कित्येक जण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर झोत मारून नमस्कार करतात. त्या बिचाऱ्याला पुढें दोन मिनिटें कांहीं दिसत नाहीं. (शास्त्र जाणणारे आम्ही उपदेशक हाच अपराध व्यासपीठावरून करतों कीं काय, कोण जाणे.) दुसरे पुढें चालतात आणि उजेड आपल्याच पायांपुढें पाडतात; मागून येणाऱ्याच्या वाट्याला त्यांची सांवली येते, व सांवलींतच घोणस असते. म्हणून पुढें चालणाऱ्यानें हात खालीं सोडून उजेड थोडा मागें वळवावा. बरोबर म्हातारें माणूस असेल तर आपण बाजूनें चालावें आणि दिवा त्याच्या पावलांपुढें धरावा, आपल्या नव्हे.

पावसाळ्यांत सायंकाळची उपासना सुटते तेव्हां अंधार पडलेला असतो. ज्यांचीं घरें देवळाला लागून आहेत ते लौकर निघून जातात, आणि ओढ्यापलीकडच्या वाडीच्या दोघी-तिघी वृद्ध भगिनी पदर सांवरीत पायरीवर उभ्या राहतात. तरुणांनो, तुमच्या खिशांत किल्ल्या वाजत असतात. त्या भगिनींबरोबर ओढा ओलांडून जा, त्यांच्या दारापर्यंत जा, आणि आंतून कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत उजेड उंबऱ्यावर धरून ठेवा.